बॅकग्राउंड इमेज नीट दिसत नाही? आधी ती पोचली का ते बघा

बॅकग्राउंड इमेज बिघडली की बहुतेक जण थेट सीएसएसमधले (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमधले) आकडे बदलायला लागतात. साइज बदलून बघ, पोझिशन हलवून बघ, काहीच जमलं नाही तर नियम जबरदस्तीने लागू करणारं ‘इम्पॉर्टंट’ लावून बघ. यात तास जातो आणि फाइलमध्ये नको त्या ओळी वाढतात. मुळात इमेज ब्राउझरपर्यंत न पोचणं आणि पोचून वेडीवाकडी दिसणं ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून आधी निदान करा.

क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये पान उघडा, एफ१२ दाबा आणि नेटवर्क टॅबवर जा. ‘डिसेबल कॅश’वर खूण करून पान रीलोड करा आणि फिल्टरच्या चौकटीत इमेजचं नाव टाका. त्या ओळीतला स्टेटस आकडा वाचा. ४०४ म्हणजे सांगितलेल्या जागी फाइल नाही. ४०३ म्हणजे सर्व्हर ती द्यायला नकार देतोय. बऱ्याचदा फाइलची परवानगी चुकलेली असते किंवा दुसऱ्याच साइटवरची इमेज तुम्ही परस्पर वापरत असता. २०० दिसला तरी शेजारचा ‘टाइप’ तपासा. तिथे एचटीएमएल लिहिलं असेल तर सर्व्हरने इमेजच्या जागी एखादं पान पाठवलं आहे. आणि ओळच नसेल, तर ब्राउझरने इमेज मागितलेलीच नाही, म्हणजे नियम लागू झालेला नाही.

४०४चं सर्वात नेहमीचं कारण पाथ, म्हणजे कोडमध्ये लिहिलेला फाइलचा पत्ता. सीएसएसच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिलेला पाथ त्या सीएसएस फाइलच्या जागेपासून मोजला जातो, एचटीएमएल पानापासून नाही. सीएसएस एका फोल्डरमध्ये आणि इमेज शेजारच्या फोल्डरमध्ये असेल, तर आधी ../ लिहून एक पायरी वर यावं लागतं. तोच नियम एचटीएमएलमधल्या स्टाइल टॅगमध्ये हलवला की पाथ पानापासून मोजला जातो आणि चालणारी इमेज अचानक गायब होते.

दुसरं कारण लहान-मोठ्या अक्षरांचं. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलचं एक्स्टेंशन अनेकदा कॅपिटलमध्ये असतं आणि कोडमध्ये आपण ते स्मॉलमध्ये लिहितो. विंडोजला फरक पडत नाही, लिनक्स सर्व्हरला पडतो. ‘माझ्या लॅपटॉपवर दिसतंय, साइटवर दिसत नाही’ अशी तक्रार आली की आधी हेच तपासावं. एकच फाइल दोनदा डाउनलोड केली की नावात (1) येतं. यूआरएल अवतरणचिन्हांत नसेल तर या कंसामुळे किंवा नावातल्या मोकळ्या जागेमुळे ती अख्खी ओळ बाद होते. फाइलचं नाव स्मॉल अक्षरांत, कंस न घालता आणि मोकळी जागा न सोडता ठेवलं की हे सगळे प्रश्न मिटतात. आयफोनमधला एचईआयसी फोटो तसाच चढवू नका. क्रोम तो दाखवत नाही. जेपीजी किंवा वेबपी करून घ्या.

इमेज २०० देऊन आली आहे, तरी पान कोरं? मग एलिमेंट्स टॅबमध्ये (फायरफॉक्समध्ये ‘इन्स्पेक्टर’) तो डिव्ह, म्हणजे इमेज लावलेली पानावरची चौकट, निवडा आणि त्याची उंची बघा. ती शून्य असण्याची शक्यता फार मोठी आहे. साधा इमेज टॅग स्वतःची जागा घेतो. बॅकग्राउंड इमेज डिव्हला एक पिक्सेलसुद्धा उंची देत नाही. रिकाम्या डिव्हला हाइट १००% देऊनही उपयोग नसतो, कारण ते टक्के पालक घटकाच्या उंचीचे असतात आणि त्याची उंची सहसा ठरलेली नसते. मिन-हाइट ६०व्हीएच (स्क्रीनच्या उंचीच्या ६०%) द्या, इमेज दिसेल.

स्टाइल्सच्या पट्टीत तुमची ओळ खोडलेली दिसली, तर बहुतेक वेळा दोषी असतो ‘बॅकग्राउंड’ हा शॉर्टहँड, म्हणजे इमेज, रंग, साइज सगळं एकाच ओळीत देणारा नियम. पुढे कुठेतरी कोणी ‘बॅकग्राउंड: पांढरा’ लिहिलं की इमेज, साइज, रिपीट, पोझिशन सगळं मूळपदावर जातं. नुसता रंग हवा असेल तिथे बॅकग्राउंड-कलरच लिहा. शॉर्टहँडमध्ये साइज द्यायची असेल तर ती पोझिशननंतर तिरकी रेघ देऊन येते: सेंटर / कव्हर. रेघ विसरली की पूर्ण ओळ रद्द.

आता सर्वात जास्त छळणारा प्रकार: मोबाइलवर इमेज भलतीच कापली जाते. समजा गडाचा १९२० × १०८० फोटो आहे आणि बुरुज डावीकडे, रुंदीच्या २०% अंतरावर आहे. मोबाइलवरची चौकट ३९० × ७००. ‘कव्हर’ला चौकट पूर्ण भरायची असते, म्हणून तो उंची ७०० करतो, त्या प्रमाणात रुंदी होते सुमारे १२४४. दिसतात फक्त ३९०, म्हणजे फोटोचा तिसरा हिस्साही नाही. पोझिशन सेंटर असेल तर बुरुज पूर्ण बाहेर जातो. इथे पोझिशन २०% लिहिली की बुरुज दिसतो, पण मधोमध नाही: फोटोतला २०%चा बिंदू चौकटीच्या २०%च्या बिंदूवर बसतो, म्हणजे डाव्या कडेपासून ७८ पिक्सेलवर. मधोमध आणायचा तर सुमारे ६% लागतात. मीडिया क्वेरीत (स्क्रीनच्या आकारानुसार वेगळे नियम लावणाऱ्या भागात) मोबाइलसाठी हा आकडा वेगळा द्या. फोटोत अक्षरं असतील तर मात्र पोझिशनशी झगडू नका, ती अक्षरं एचटीएमएलमध्ये लिहा. आणि साइज १००% १००% कधीही देऊ नका; त्याने फोटो ताणला जातो.

पान सरकवलं तरी इमेज जागेवर ठेवणारा अटॅचमेंट ‘फिक्स्ड’ आयफोनच्या सफारीत भरवशाचा नाही. कव्हरसोबत वापरला की इमेज प्रचंड मोठी आणि धूसर दिसू शकते. त्याऐवजी ‘बिफोर’ स्यूडो-एलिमेंटला (सीएसएसने तयार केलेल्या जादा घटकाला) रिकामं कंटेंट, पोझिशन फिक्स्ड, इन्सेट ०, झेड-इंडेक्स -१ द्या आणि इमेज त्यात टाका. मग ती गायब झाली, तर तिला सामावणाऱ्या एखाद्या घटकाचा रंग तिला झाकतोय. ज्याच्यात ती टाकली आहे त्या घटकाला ‘आयसोलेशन: आयसोलेट’ लावा.

इमेज बदलली तरी जुनीच दिसते? कंट्रोल-शिफ्ट-आर फक्त तुमच्या ब्राउझरपुरतं. सगळ्यांना नवी दिसायला हवी असेल तर फाइलचं नावच बदला. प्रिंटमध्ये बॅकग्राउंड न येणं हा बिघाड नाही. ब्राउझर ते मुद्दाम वगळतात, प्रिंटच्या खिडकीत ‘बॅकग्राउंड ग्राफिक्स’वर खूण केली की येतं.