हिब्रू नावाचा अर्थ कसा शोधावा? ‘सॅम्युअल’ नावाची उकल, पायरी पायरीने

‘सॅम्युअल’ म्हणजे काय, असे इंटरनेटवर विचारले की तीन उत्तरे समोर येतात: ‘देवाने ऐकले’, ‘देवाकडे मागितलेला’ आणि ‘देवाचे नाव’. तिन्ही ठामपणे दिलेली असतात, पण कोणते कुठून आले हे सहसा कुणी सांगत नाही. बाळाचे नाव ठेवणारे आईवडील त्यातले आवडेल ते उचलतात. आवडीचे नाव ठेवायला काहीच हरकत नाही. पण अर्थ सांगायचा तर तो तपासून घ्यावा, आणि त्यासाठी हिब्रूचे पंडित असण्याची गरज नाही. थोडी चिकाटी आणि खाली दिलेला क्रम पुरेसा आहे. उदाहरण म्हणून सॅम्युअलच घेऊ, कारण या एका नावात शोधाच्या जवळजवळ सगळ्या अडचणी भेटतात.

पायरी १: मराठी बायबलमधले रूप बघा

मराठी वाचकाचे इथे एक भाग्य आहे. मराठी बायबलमधली जुन्या करारातली नावे इंग्रजीपेक्षा मूळ उच्चाराला बरीच जवळची आहेत. इंग्रजीत मोझेस, मराठीत मोशे. इंग्रजीत जेरेमाया, मराठीत यिर्मया. इंग्रजीत इझिकिएल, मराठीत यहेज्केल. आपला सॅम्युअल तिथे ‘शमुवेल’ असतो, आणि हिब्रू उच्चार आहे ‘श्मूएल’. पंडिता रमाबाईंनी तर बायबल मुळातून मराठीत आणण्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतली आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अखेरपर्यंत ते काम केले. १९२२ साली त्या गेल्या, आणि त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा पहिले काम सोपे: बायबलची अनुक्रमणिका उघडा आणि आपल्या नावाचे तिथले रूप वहीत लिहा.

पायरी २: नाव कोणत्या वाटेने आले ते ओळखा

‘श’चा ‘स’ कुठे झाला? ग्रीकमध्ये. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर होऊ लागले. ग्रीक लिपीत ‘श’ नाही, म्हणून श्मूएलचा सामुएल झाला आणि श्लोमोचा सालोमोन. पुरुषांच्या नावांना ग्रीकमध्ये बहुधा शेवटी ‘स’ लागतो. तो येशू आणि मोशे यांच्या ग्रीक रूपांना चिकटला. ग्रीकमधून लॅटिन, लॅटिनमधून युरोपातल्या भाषा, असा हा प्रवास. दुसरी वाट अरबीची: दावीदचा दाऊद, अब्राहामचा इब्राहिम, योसेफचा युसूफ.

या प्रवासात नाव किती बदलते हे गोव्यात चांगले दिसते. हिब्रू योहानान, ग्रीक इओआनेस, लॅटिन योहानेस, पोर्तुगीज ज्युआंव, आणि कोकणीत जुवांव. २४ जूनला पावसाने भरलेल्या विहिरीत उड्या मारून साजरा होतो तो सांजांव म्हणजे याच नावाच्या संताचा, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा सण. इंग्रजी जॉन, रशियन इव्हान, इटालियन जोवान्नी ही सगळी त्याचीच भावंडे. योहानानचा अर्थ ‘परमेश्वराने कृपा केली’. एक रूप घेऊन त्यातच अर्थ शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही. आधी मुळाशी जा.

पायरी ३: मूळ अक्षरे मिळवा

हिब्रूत बावीस अक्षरे आहेत, ती उजवीकडून डावीकडे लिहितात, आणि मूळ लिपी मुख्यतः व्यंजनांची आहे. स्वर दाखवणारे टिंब आणि रेघा नंतर आल्या. आज रूढ असलेली पद्धत पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात गालील सरोवराकाठच्या तिबेरियास शहरातल्या विद्वानांनी पक्की केली. म्हणून अर्थाचा शोध घेताना व्यंजनांवर भिस्त ठेवायची.

अक्षरे बघायची कुठे? सेफारिया या संकेतस्थळावर हिब्रू मजकूर आणि इंग्रजी भाषांतर शेजारी शेजारी फुकट वाचता येते. शब्दाखाली शब्दाचा अर्थ देणारी बायबलेही जालावर आहेत. त्यांत प्रत्येक शब्दाला एक क्रमांक असतो. जेम्स स्ट्राँग यांनी १८९० मध्ये काढलेल्या शब्दसूचीतले हे क्रमांक आजही सगळीकडे चालतात. शमुवेलचा क्रमांक ८०५०. तो टाकला की नाव, त्याची अक्षरे आणि सुचवलेली व्युत्पत्ती समोर येते.

शमुवेलची अक्षरे अशी: शिन, मेम, वाव, अलेफ, लामेद. ही पाच अक्षरे कागदावर लिहून ठेवा, पुढचा सगळा निकाल त्यांच्यावर लागणार आहे.

पायरी ४: नावातला देव वेगळा काढा

हिब्रू नावांमध्ये फार मोठी संख्या अशा नावांची आहे, ज्यांत देवाचे नाव आणि त्याने केलेली कृती असे छोटे वाक्यच असते. आपल्या देवदत्तासारखेच. देव दोन रूपांत येतो. ‘एल’ म्हणजे देव, हे बहुधा शेवटी: दानीएल, ‘देव माझा न्यायाधीश’. आणि ज्यू लोक मोठ्याने उच्चारत नाहीत त्या चार अक्षरी नामाचा संक्षेप: सुरुवातीला ‘यो’ किंवा ‘यहो’, शेवटी ‘या’ (याह) किंवा ‘याहू’.

हे कळले की गाठी भराभर सुटतात. ‘नाथान’ म्हणजे ‘त्याने दिले’. योनाथान आणि नथनेल यांत देणारा देव फक्त वेगळ्या नावाने, वेगळ्या जागी बसला आहे. एलीया म्हणजे ‘याह माझा देव’. तेच दोन तुकडे उलटे लावले की योएल, ‘याह हाच देव’. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले मराठी बोलणारे ज्यू, मलिदा या आभार मानण्याच्या विधीला ज्या एलियाहू हनाबीची आठवण करतात, तो हाच संदेष्टा. काही वेळा वाक्य प्रश्नार्थकही असते. मीखाएल म्हणजे ‘देवासारखा कोण?’ हे नाव मला सर्वांत भावते. तीन तुकड्यांत, मी-खा-एल, केवढे मोठे म्हणणे मांडले आहे!

शमुवेलच्या शेवटी अलेफ आणि लामेद आहेत, म्हणजे ‘एल’ सापडला. उरले शिन, मेम, वाव.

पायरी ५: उरलेल्या अक्षरांचे मूळ तपासा

हिब्रू शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या मुळावर उभे असतात. ‘देवाने ऐकले’ हा अर्थ खरा असेल, तर नावात ‘ऐकणे’ या क्रियापदाचे मूळ हवे. ते आहे शिन, मेम, आयिन. आयिन हे घशातून येणारे अक्षर. देवनागरीत ते दाखवताच येत नाही, म्हणून मराठी रूपावरून फसगत होते. आता अब्राहामाची दासी हागार हिच्या मुलाचे, इश्माएलचे नाव बघा: योद, शिन, मेम, आयिन, अलेफ, लामेद. आयिन जागच्या जागी आहे. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात देवदूत तिला सांगतो, याचे नाव इश्माएल ठेव, कारण परमेश्वराने तुझे दुःख ऐकले आहे. अक्षरे आणि गोष्ट दोन्ही जुळतात. शिमोनमध्येही आयिन आहे, आणि त्याची आई लेआसुद्धा ‘ऐकले’ असेच म्हणते.

शमुवेलमध्ये आयिन नाही. ‘देवाने ऐकले’ हा अर्थ स्ट्राँग यांच्या सूचीत दिलेला आहे आणि तिथून तो नावांच्या याद्यांमध्ये पसरायला सोपा गेला, पण अक्षरांचा पुरावा त्याच्या बाजूने नाही.

शिन आणि मेम एवढ्या दोन अक्षरांत मात्र एक अगदी साधा शब्द बसतो: ‘शेम’, म्हणजे नाव. वाव इथे मधला ‘ऊ’ दाखवतो, आणि तो जोडस्वर असू शकतो. याकोबाने देवाशी झोंबी घेतली त्या ठिकाणाचे नाव लागोपाठच्या दोन ओळींत एकदा पनिएल आणि एकदा पनुएल असे येते, त्यावरून असा स्वर कसा येतो-जातो ते कळते. म्हणून आजचे अभ्यासक श्मूएलचा अर्थ ‘एलचे नाव’ किंवा ‘त्याचे नाव एल’ असा लावतात. १९०६ साली पूर्ण झालेला ब्राउन, ड्रायव्हर आणि ब्रिग्ज यांचा हिब्रू कोश आता जालावर मोफत मिळतो. शंका आली की तो उघडावा. स्ट्राँगची सूची क्रमांकासाठी वापरा, अर्थासाठी कोशाकडे जा.

पायरी ६: नाव ठेवल्याची गोष्ट वाचा

ही पायरी गाळू नका. व्याकरण एक सांगते आणि गोष्ट दुसरे, आणि नाव धारण करणारी माणसे हजारो वर्षे गोष्टीवर जगली आहेत.

शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय काढा. हन्नाला मूल नाही. सवत पनिन्ना टोचून बोलते. शिलोच्या मंदिरात हन्ना रडत प्रार्थना करते, ओठ हलतात पण आवाज येत नाही, आणि एली याजकाला वाटते की ही प्यायली आहे. ती सांगते, मी प्यायलेली नाही, मी मन मोकळे करते आहे. पुढे मुलगा होतो आणि विसाव्या ओळीत ती त्याचे नाव शमुवेल ठेवते, कारण ‘मी याला परमेश्वराकडे मागितले’.

‘मागणे’ याचे हिब्रू मूळ शिन, अलेफ, लामेद. ही तिन्ही अक्षरे शमुवेलमध्ये आहेत, त्याच क्रमाने, मध्ये मेम आणि वाव घेऊन. हे मूळ त्या अध्यायात पुन्हा पुन्हा येते, आणि अठ्ठाविसाव्या ओळीत ‘शाऊल’ असे नेमके रूप येते, म्हणजे ‘मागितलेला’. इस्राएलच्या पहिल्या राजाचे, शौलाचे, हेच नाव! त्यामुळे ही गोष्ट आधी शौलाच्या जन्माची असावी असे काही अभ्यासकांनी मांडले. मला ते पटत नाही. हिब्रू कथा सांगणाऱ्यांना नादावर नाद बसवायची हौस होती, आणि पुढे ज्या शौलाला शमुवेल राजा म्हणून अभिषेक करणार, त्याची चाहूल इथेच द्यायची असेल तर याहून सुंदर जागा कुठली?

म्हणून ‘देवाकडे मागितलेला’ हा अर्थ चुकीचा म्हणून खोडू नका. तो गोष्टीने दिलेला अर्थ आहे, असे लिहा.

पायरी ७: नाव मुळात हिब्रू आहे ना?

बायबलमध्ये आहे म्हणजे हिब्रूच असे नाही. मोशेला फारोच्या मुलीने ‘पाण्यातून ओढून काढला’ म्हणून ते नाव दिले असे गोष्ट सांगते, पण थुटमोस, रामसेस या नावांतला ‘जन्मलेला’ अर्थाचा मिसरी तुकडा त्यात आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. एस्तेरच्या पुस्तकातल्या मर्दखयच्या नावात बाबिलोनचा देव मार्दुक आहे. थोमा (‘जुळा’) आणि मार्था (‘घरधनीण’) ही अरामी नावे.

उलट फसगतही होते. मुंबईचे इंग्रजी कवी निस्सीम इझिकेल यांचे नाव वाचून मराठी माणसाला ‘अमर्याद’ आठवणार. पण ते बेने इस्राएल घरातले होते, आणि हे निस्सीम हिब्रू आहे: ‘नेस’ म्हणजे चमत्कार, त्याचे अनेकवचन. दोन्ही अर्थ गोड आहेत, पण त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

पायरी ८: आपल्या मातीतले रूप शोधा

रायगडच्या किनाऱ्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’ म्हणजे बेने इस्राएल. त्यांनी गावांवरून आडनावे घेतली: पेणकर, नवगावकर, किहीमकर, दिवेकर. आणि हिब्रू नावांना खास मराठी ‘जी’ लावला. मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युअल इझिकेल दिवेकर हे आपल्या लोकांत सामाजी हसाजी दिवेकर होते. सामाजी म्हणजे शमुवेल, हसाजी म्हणजे यहेज्केल, ‘देव बळ देतो’. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. म्हैसूरच्या लढायांत टिपूच्या कैदेत पडले आणि सुटून आल्यावर कृतज्ञतेने त्यांनी हे प्रार्थनास्थळ उभारले, असे सांगतात. त्याचे नाव ‘शार हारहामीम’, दयेचे द्वार. मशीद बंदर भागातली सॅम्युअल स्ट्रीट त्यांच्याच नावाची. घरातल्या जुन्या कागदांत, कबरीच्या दगडांवर, चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदवहीत अशी रूपे असतात. ती जशीच्या तशी उतरवा, दुरुस्त करू नका.

पायरी ९: नोंद लिहा

एकच ओळ लिहू नका. शमुवेलची नोंद अशी होईल:

मूळ: श्मूएल, शिन, मेम, वाव, अलेफ, लामेद.
भाषेनुसार अर्थ: ‘एलचे नाव’ किंवा ‘त्याचे नाव एल’.
गोष्टीनुसार अर्थ: ‘परमेश्वराकडे मागितलेला’ (१ शमुवेल १:२०).
प्रचलित पण अक्षरांशी न जुळणारा: ‘देवाने ऐकले’.
रूपे: शमुवेल, सॅम्युअल, सामाजी.

सरावासाठी पुढचे नाव योसेफ घ्या. उत्पत्तीच्या ३० व्या अध्यायात, २३ आणि २४ या ओळींत, त्याची आई राहेल एका नावासाठी दोन कारणे देते. ‘देवाने माझा कलंक दूर केला’ यातल्या क्रियापदाचे मूळ अलेफ, सामेख, पे. ‘परमेश्वर मला आणखी एक मुलगा देवो’ यातले योद, सामेख, पे. योसेफची अक्षरे आहेत योद, वाव, सामेख, पे. त्यात अलेफ आहे का बघा, आणि वरच्यासारखी नोंद तुमच्या वहीत करा.