मागणारे जास्त आणि वस्तू कमी, मग वाटणी कशी करायची?

मशीनचा वेळ असो, पाणी असो नाहीतर बुडालेल्या धंद्यातले उरलेले पैसे, सगळ्यांचे दावे खरे असतात पण बेरीज केली की शिल्लक असलेल्या मालापेक्षा जास्त निघते. सगळ्यांना सारखं देऊन टाका म्हणणारा एक जण असतोच, पण मग ज्याने थोडंच मागितलंय त्याला मागितल्यापेक्षा जास्त मिळून बसतं.

पहिलं काम, नियम ठरवा, तोही दावे मागवायच्या आधी. आकडे समोर आले की प्रत्येकाला स्वतःच्या फायद्याचाच नियम न्यायाचा वाटायला लागतो आणि मग भांडण काही मिटत नाही.

मग दावे लेखी घ्या, पुरावा बघा आणि कायद्याने किंवा कराराने कोणाचा नंबर आधी लागतो का तेही बघा. दिवाळखोरीत साधारणपणे तारण असलेल्या घेणेकऱ्याला त्या तारणातून आधी मिळतं आणि एकाच पायरीवरच्या लोकांना दाव्याच्या प्रमाणात. हातातल्या एकूण मालापेक्षा मोठा दावा असेल तर तो तेवढ्यावरच कापायचा का हेही आत्ताच ठरवून टाका.

आता गणित. समजा मशीन ४० तास मोकळं आहे आणि तिघांनी १०, ३० आणि ६० तास मागितलेत. प्रमाणात वाटलं तर ४, १२, २४. मागणीच्या वर कोणालाच द्यायचं नाही पण बाकी सगळ्यांना सारखं, असं केलं तर १०, १५, १५. तोटा, म्हणजे मागितलेल्यापेक्षा जेवढं कमी मिळतं ते, सारखा वाटायचा ठरवला तर ०, ५, ३५, म्हणजे छोट्याचा पत्ताच कट. तिन्ही नियम आपापल्या जागी समानच आहेत, त्यामुळे आधी विचारायचं ते हे की समान काय करायचंय, मिळकत की तोटा? जगायला लागणारी वस्तू असेल तर मी डोळे झाकून दुसरा नियम घेईन.

चौथा नियम ज्यूंच्या तालमूद या जुन्या धर्मग्रंथातला आहे आणि मला तो सगळ्यात आवडतो. दोघांनी एक कापड धरलंय, एक म्हणतो सगळं माझं, दुसरा म्हणतो अर्धं माझं. म्हणजे भांडण फक्त अर्ध्याचं आहे, ते दोघांत वाटायचं, म्हणून पहिल्याला पाऊण, दुसऱ्याला पाव. त्याच ग्रंथात मेलेल्या नवऱ्याच्या मालमत्तेवर १००, २००, ३०० चा हक्क असलेल्या तीन बायकांची वाटणी आहे, तिचे आकडे विचित्र वाटायचे, पण त्यामागेही हाच नियम आहे हे रॉबर्ट ऑमन आणि मायकेल मॅशलर या गणितज्ञांनी १९८५ मध्ये दाखवलं. करायचं असं, माल एकूण मागणीच्या निम्म्याहून कमी असेल तर मिळकत सारखी वाटा पण कोणालाच त्याच्या निम्म्या दाव्याच्या वर देऊ नका, निम्म्याहून जास्त असेल तर तोटा सारखा वाटा पण कोणाचाच निम्म्याहून जास्त बुडू देऊ नका. आपल्या उदाहरणात ५, १५, २०.

पुढची पायरी लोक विसरतात, ती म्हणजे लबाडी कुठून होईल ते बघणं. प्रमाणाच्या नियमात आकडा फुगवून सांगितला की फायदा. मिळकत सारखी वाटली तर ज्याला मागितल्यापेक्षा कमीच मिळतंय त्याला फुगवून उपयोग नाही, पण ६० वाल्याने दोन नावांनी तीस-तीस मागितले तर चौघांना दहा-दहा येतात आणि त्याचे १५ चे २० होतात. तोट्याच्या नियमात उलटं, तिथे एकत्र येऊन एकच मोठा दावा केलेला परवडतो.

वस्तू तुकडे न होणारी असेल तर पाळ्या लावा किंवा चिठ्ठ्या टाका, नाहीतर एकाने वस्तू घेऊन बाकीच्यांना पैसे द्यावेत.

आणि नंतर अजून माल हाती आला तर नुसता वाढीव भाग वेगळा वाटत बसू नका, एकूण धरून गणित परत करा. ४० चे ७० तास झाले तर तालमूदच्या नियमाने ५, साडेसतरा आणि साडेसत्तेचाळीस होतात. एकूण वाढलं म्हणून कोणाचं कमी झालंय असं या चारही नियमांत होत नाही, त्यामुळे दिलेलं परत मागायची वेळ येत नाही.