ट्रान्सजेंडर आश्रयार्थीला घरी ठेवून घेताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या आमच्या घराच्या पत्रपेटीवर आमचं आडनाव होतं, आमच्याकडे राहायला आलेल्या ट्रान्स स्त्रीचं नव्हतं. त्यामुळे तिच्या इमिग्रेशन कोर्टाची नोटीस पोस्टमनने परत नेली. वकिलाने ऑनलाइन तारीख तपासली म्हणून निभावलं. नाहीतर सुनावणीला गैरहजर धरून न्यायाधीशांनी तिला देशाबाहेर काढायचा हुकूम दिला असता, तोही तिचं म्हणणं न ऐकताच.

नोटीस सरकारदरबारी नोंदलेल्या जुन्या नावानेच येते. घरात आम्ही ते नाव तोंडातून काढत नव्हतो, मग पेटीवर कसं लावणार? तोडगा तिनेच काढला. आडनाव आणि एक आद्याक्षर, चिकटपट्टीवर लिहून पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला. पेटी उघडणाऱ्याला दिसतं, रस्त्याने जाणाऱ्याला नाही. हे पहिल्याच दिवशी करा.

स्पॉन्सर या शब्दाने बरेच जण फसतात. आश्रय, म्हणजे असायलम, मिळायला स्पॉन्सर लागत नाही. तो लागतो माणूस डिटेन्शनमधून, म्हणजे इमिग्रेशनच्या कोठडीतून, बाहेर यावा म्हणून. ही व्यक्ती कुठे राहील, तिचं कोण बघेल, तारखेला कोर्टात कोण पोहोचवेल, हे आयसला, म्हणजे ती कोठडी चालवणाऱ्या सरकारी खात्याला, कळायला हवं असतं. तुमचं पत्र, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचे कागद आणि तुमचा स्वतःचा इमिग्रेशन दर्जा, एवढं त्यात येतं. नवऱ्याबायकोच्या ग्रीन कार्डासाठी जे आय-864 हमीपत्र भरतात, ते हे नव्हे. तुम्ही स्वतः एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर सही करण्याआधी आपल्या वकिलाला विचारा, उगाच शूरपणा नको. पत्रात नोंदीतलं नाव आणि ए-नंबर, म्हणजे तिच्या इमिग्रेशन फाइलचा नंबर, आधी लिहा, ती वापरते ते नाव पुढे. उलट केलंत तर कागद दुसऱ्याच कुणाच्या फाइलला लागायचा.

सुटका होणं 2025पासून बरंच अवघड झालंय, तेव्हा ‘पत्र दिलं, आता येईलच’ असं तिला सांगू नका. पण पत्राला आठवडे लावू नका. रोक्साना हर्नांडेझ ही होंडुरासची ट्रान्स स्त्री 2018च्या मे महिन्यात न्यू मेक्सिकोत वारली, तेव्हा ती आयसच्या ताब्यात होती.

तारखांच्या बाबतीत माझी स्वतःची चूक सांगते. सुनावणीच्या आठवड्यात मला बाहेरगावी जायचं होतं. ‘वकिलाला सांगून तारीख पुढे ढकलू या का?’ असं मी अगदी सहज म्हणून गेले. वकील जवळजवळ ओरडलाच. आश्रयाचा अर्ज भरल्यावर 150 दिवसांनी वर्क परमिट मागता येतं आणि 180 दिवस भरल्यावर ते मिळू शकतं. अर्जदाराने स्वतः तारीख पुढे मागितली की हे घड्याळ थांबतं. माझ्या सोयीपायी तिची कमाई लांबली असती! मुळात आश्रयाचा अर्ज देशात आल्यापासून वर्षाच्या आत जायला हवा. उशीर माफ होतो, पण अपवाद म्हणून. 2025च्या कायद्याने या अर्जाला 100 डॉलर आणि पहिल्या वर्क परमिटला 550 डॉलर फी लागली. ती बदलत राहते, म्हणून भरण्याआधी ताजा आकडा बघा.

आणि ‘नोटारिओ’पासून लांब राहा. लॅटिन अमेरिकेत नोटारिओ म्हणजे शिकलेला वकील. इथला नोटरी फक्त सही-शिक्क्याचा माणूस, तरी पाटी तीच लावून पैसे उकळणारे आहेत.

वकिलाच्या खोलीत तुम्ही बसू नका, दुभाषी म्हणून तर नाहीच. आपल्याला वाटतं, आधार होईल. पण ज्याच्या घरी जेवायचं त्याच्यासमोर माणूस बलात्काराबद्दल कसं बोलणार? आणि केस नेमकी त्या तपशिलांवरच उभी राहते. घरीही ‘काय झालं होतं गं तिकडे?’ असं विचारू नका. तिची हकीकत मित्रमंडळींच्या जेवणात सांगू नका, फोटोही टाकू नका. तिला शोधणारी माणसं फेसबुकवरच असतात.

आता आपली खास मराठी चूक. आपल्या भाषेत क्रियापदच लिंग सांगतं. सासूबाई तिच्याशी इंग्रजीत नीट बोलायच्या आणि माझ्याकडे वळून म्हणायच्या, ‘तो जेवला का गं?’ तिला मराठी कुठे कळतं, असं आम्हीही म्हणायचो. पण महिन्याभरात तोच ‘तो’ मुलाच्या इंग्रजीत उतरला, तिच्या तोंडावर. तेव्हापासून ती समोर नसतानाही ‘ती जेवली’च म्हणायचं, असं ठरवलं. सासूबाईंना दोन आठवडे लागले, नवऱ्याला जास्त.

हॉर्मोनच्या गोळ्यांचा साठा किती उरलाय ते पहिल्या आठवड्यातच विचारा. विमा नसला तरी कम्युनिटी हेल्थ सेंटर उत्पन्नाप्रमाणे फी घेतं. पण अपॉइंटमेंट लांबची मिळते आणि गोळ्या अचानक तुटणं बरं नव्हे.

‘घरचीच आहे’ म्हणून मुलांना सांभाळायला सांगाल. एखाद्या संध्याकाळी ठीक. रोजचं झालं की ते फुकटचं काम होतं आणि राहण्याच्या बदल्यात असेल तर वर्क परमिटचाही प्रश्न येतो. तिला ‘नाही’ म्हणता येत नाही, हे विसरायला होतं. घराची किल्ली पहिल्या दिवशी द्या, खोलीला आतून कडी लावून द्या आणि कधीपर्यंत राहायचं ते मोकळेपणी बोला. आम्ही सहा महिने ठरवले, दर दोन महिन्यांनी पुन्हा बोलायचं असंही.

ती जाईल तेव्हा पत्ता दोन ठिकाणी बदलायचा असतो: कोर्टाला ईओआयआर-33 फॉर्मने पाच दिवसांत, यूएससीआयएस या इमिग्रेशन अर्ज बघणाऱ्या खात्याला एआर-11 फॉर्मने दहा दिवसांत. एकाला कळवलं म्हणजे दुसऱ्याला कळलं असं होत नाही. पोस्टाच्या फॉरवर्डिंगवर विसंबू नका, यूएससीआयएसची पत्रं तशी पुढे जात नाहीत. आमच्याकडून जाऊन तिला आठ महिने झाले. झाकणाच्या आतली चिकटपट्टी मी काढलेली नाही, मागच्या मंगळवारीही तिच्या नावचं एक पत्र आलं.