कोंबड्या आणायच्या आधी टेप घ्या आणि अंतर मोजा

मागच्या वेळी सहा पिल्लं आणली, महिनाभर राबून खुराडं बांधलं, खाली पक्का कोबा केला, आणि सहाव्या महिन्यात सगळं पाडावं लागलं. कारण खुराडं शेजारच्या घरापासून नियमात लिहिलंय त्यापेक्षा जवळ होतं. किती पक्षी चालतात ते वाचलं होतं, कोंबडा ठेवता येत नाही हेही वाचलं होतं, अंतराची ओळ पण वाचली होती, फक्त मोजलं नाही, नुसत्या डोळ्यांनी अंदाज घेतला. एक कोंबडी तेव्हा नुकतीच अंडी घालायला लागली होती आणि तिच्यासकट सगळ्या दुसऱ्यांना देऊन टाकल्या. ते अजून जिव्हारी लागतं. आता परत आणतोय, म्हणून ही तयारी लिहून काढतोय.

पहिलं काम नियम. पिल्लं बघायला जायच्या आधी, खुराड्याचं एक लाकूड विकत घ्यायच्याही आधी. तुमच्या भागाचं जे स्थानिक प्रशासन असेल तिथे विचारा: पाळायला परवानगी आहे का, किती, कोंबडा चालतो का, नोंदणी किंवा परवाना लागतो का, खुराड्याला बांधकामाची परवानगी लागते का, अंडी विकलेली चालतात का, घरी कापणं चालतं का. भाड्याने राहत असाल तर करार बघा, सोसायटी असेल तर तिचे नियम वेगळे, तिथे नाही म्हटलं की प्रशासनाच्या हो चा काही उपयोग नाही. उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी घ्या, तारखेसकट. काउंटरवरचा माणूस "चालतं की" म्हणतो आणि तक्रार आली की तपासायला दुसराच कोणीतरी येतो.

आणि अंतर. कशापासून कशापर्यंत ते नीट विचारा, कारण कुठे हद्दीपासून धरतात, कुठे शेजाऱ्याच्या घराच्या भिंतीपासून, दारा-खिडकीपासून, आणि ह्या तीन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या बाजूने खुराड्याची भिंत धरतात का बाहेरच्या जाळीच्या आवाराचं टोक धरतात तेही विचारा. मी हद्दीपासून धरत होतो, नियम घरापासून होता, आणि आवार मी हिशोबात घेतलंच नव्हतं. टेप घ्या, दोन माणसं उभी राहा, मोजा, फोटो काढा. चारी बाजूंनी मोजा, फक्त जवळच्या शेजाऱ्याकडे नाही.

शेजाऱ्यांना आधी सांगा. परवानगी मागायला नाही, त्यांना आयत्या वेळी कळू नये म्हणून.

कोंबड्याचं पण आधी ठरवा. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, कोंबडी त्याच्याशिवायही अंडी घालते, फक्त त्यातून पिल्लं होत नाहीत. पण एक दिवसाच्या पिल्लात नर-मादी ओळखताना तज्ज्ञांचीही चूक होते, आणि न निवडलेली घेतलीत तर साधारण अर्धे नर निघणार. नर निघाला तर कोणाला द्यायचा ते पिल्लं आणायच्या आधी पक्कं करा, आरवायला लागल्यावर शोधाशोध करू नका.

खुराडं. आत दर पक्ष्याला साधारण 4 चौरस फूट, बाहेरच्या आवारात 10. बसायला आडवी काठी, प्रत्येकीला 8 ते 10 इंच. अंड्यांचा खोका तीन-चार कोंबड्यांमागे एक पुरतो, पण काठी खोक्यापेक्षा उंच हवी, नाहीतर त्या खोक्यातच झोपतात आणि सकाळी अंडी विष्ठेत माखलेली मिळतात. हवेच्या फटी वर, डोक्याच्या उंचीच्या वर ठेवा. अमोनियाचा वास तुम्हाला यायला लागला म्हणजे कोंबड्यांच्या डोळ्यांना आणि फुफ्फुसांना त्रास कधीच सुरू झालाय. जाळीत काटकसर नको. ती षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही, तो फाडून आत येतो. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी लावा आणि फूटभर जमिनीत गाडा, उकरून येणारे प्राणी पण असतात. कोबा आत्ता नको. खुराडं हलवता येईल असं करा, निदान अंतर लेखी पक्कं होईपर्यंत. मोजलंत का? परत मोजा.

पिल्लांना पहिल्या आठवड्यात साधारण 35 अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जा, पूर्ण पिसं येईपर्यंत, म्हणजे सहाएक आठवडे. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा: उबेच्या दिव्याखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय, लांब जाऊन चोच उघडून धापा टाकतायत तर फार गरम झालंय. दिवा दोन ठिकाणी बांधा, नुसत्या वायरवर लटकवू नका, खाली भुसा असतो, पडला तर आग लागते.

खाणं वयाप्रमाणे. लेयर फीड, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य, अंड्यावर येईपर्यंत देऊ नका, त्यातल्या जास्त कॅल्शियमने वाढत्या पिल्लांच्या किडन्या खराब होतात. अंड्यावर आल्यावर शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात. चॉकलेट, अॅव्होकाडो, न शिजवलेल्या राजम्यासारख्या कडधान्याचे दाणे अजिबात नाही. पाणी दर पक्ष्याला दिवसाला पाव लिटर धरा, उन्हाळ्यात दुपटीची तयारी ठेवा, त्यांना घाम येत नाही. रात्री खाणं झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, उंदीर आले की शेजाऱ्यांची तक्रार येणार, आणि तक्रार आली की तपासणारा टेप घेऊनच येतो.

आजार: राणीखेत आणि कोंबड्यांच्या देवी या रोगांच्या लसी, आणि मरेक्सची (पाय लुळे पाडणारा विषाणूचा रोग) लस पहिल्याच दिवशी दिलीय का ते पिल्लं घेतानाच विचारा. नवा पक्षी महिनाभर वेगळा. एकदम दोन-चार मेल्या तर हात लावू नका, पशुवैद्यकीय खात्याला फोन करा, बर्ड फ्लू असू शकतो. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, लहान मुलांना पिल्लांचे पापे घेऊ देऊ नका, साल्मोनेला असतो, म्हणजे जुलाब-तापाचे जंतू.

बाकी थोडक्यात. अंगावर धूळ घ्यायला कोरडी माती, विष्ठा झाकून कुजवायची सोय, गावाला गेलात तर कोण बघणार. दोन-तीन वर्षांनी अंडी कमी होतात पण कोंबडी त्यानंतरही कितीतरी वर्षं जगते, आणि म्हातारी कोंबडीही नियमातल्या आकड्यात मोजली जाते, तेव्हा पहिल्याच दिवशी कमाल संख्या आणू नका.

आणि खुराडं सरकवलंत, आवार वाढवलंत, किंवा शेजाऱ्याने हद्दीकडे नवी खोली काढली, तर परत टेप आणा.