रेसचे टी-शर्ट छापायला टाकण्याआधी

जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात सुपरक्रॉस लीगची, म्हणजे स्टेडियममधल्या मातीच्या ट्रॅकवर उड्या घेत होणाऱ्या बाइक रेसची, फेरी झाली. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला मात्र क्लबने शहराबाहेर भरवलेली धुळीतली बाइक रेसच येते. तिच्यासाठी टी-शर्ट, टोप्या, स्टिकर करायचे असतील, तर डिझाइन बाजूला ठेवा आणि आधी कॅलेंडर काढा.

रेसच्या तारखेपासून सहा आठवडे मागे मोजा. डिझाइन, नमुना, दुरुस्ती, छपाई आणि एखादी चूक, एवढं त्यात बसतं. रेस ऑगस्ट-सप्टेंबरात असेल तर आणखी पंधरा दिवस धरा. गणपतीआधी ढोल-ताशा पथकांचे टी-शर्ट आणि मंडळांची पावतीपुस्तकं यांत छपाईवाले गळ्यापर्यंत बुडालेले असतात. "विसर्जनानंतर या" हे उत्तर तेव्हा हसतमुखाने मिळतं.

मग माणसं मोजा: मार्शल (ट्रॅककडेला झेंडे दाखवणारे) आणि स्वयंसेवक, रायडर, प्रेक्षक. तिघांचा माल वेगळा. ट्रॅकलगत उभ्या राहणाऱ्यांना पिवळा किंवा लाल टी-शर्ट देऊ नका. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, लाल म्हणजे रेस थांबली. भरधाव रायडरला कडेला लाल काहीतरी हललेलं दिसलं, की तो क्षणभर तरी गोंधळणार. केशरी बरा. प्रेक्षकांसाठी गडद राखाडी किंवा काळा घ्या, पांढरा टी-शर्ट दुपारपर्यंत मातकट होतो.

छपाईची पद्धत मालावरून ठरवा. शंभर-दोनशे सुती टी-शर्ट असतील तर स्क्रीन प्रिंटिंग. त्यात प्रत्येक रंगाची जाळी वेगळी करावी लागते, म्हणून दोन रंगांत डिझाइन बसवा, खर्च आटोक्यात राहतो. दहा-वीसच नग आणि बरेच रंग असतील तर डीटीएफ, म्हणजे फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर चिकटवणं. रायडरच्या जर्सीला सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने शाई धाग्यात उतरवणं, पण ते पॉलिस्टरवर आणि फिक्या रंगावरच उठतं. टोपीवर भरतकाम शोभतं. फक्त बारीक अक्षरं टाळा, धाग्यात ती भरून जातात. कापड १८० जीएसएमचं (चौरस मीटरला १८० ग्रॅम) सुती चांगलं. नमुना हातात आला की दोनदा धुऊन, उलटा करून इस्त्री फिरवून बघा. लाज वाटायचं कारण नाही, पैसे आपले आहेत.

टी-शर्टवर तारीख छापू नका. आम्ही छापली होती. अवकाळी पावसाने ट्रॅकचा चिखल झाला, रेस पुढे गेली, आणि उरलेल्या टी-शर्टांनी पुढची दोन वर्षं आमच्या गाड्या पुसल्या. वर्ष छापायची हौस स्टिकरवर भागवा. स्टिकर स्वस्त, टाकीवर किंवा हेल्मेटवर लागतो आणि सगळ्यात आधी संपतो. व्हिनाइल लॅमिनेट केलेलंच घ्या, नाहीतर उन्हात रंग उडतो.

साइझचा अंदाज शंभरामागे असा: एस १०, एम ३०, एल ३०, एक्सएल २०, डबल एक्सएल १०. लहान मुलांचे थोडे वेगळे सांगा, हट्ट तेच करतात.

बाइक कंपनीचा किंवा टायर कंपनीचा लोगो "चांगला दिसतो" म्हणून टाकू नका. तो नोंदणीकृत ट्रेडमार्क असतो. लोगो प्रायोजकाचा असेल तर लेखी परवानगी आणि व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी न फाटणारी) त्याच्याकडूनच मागून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो छापला की कडा फाटक्या दिसतात.

तोंडाला बांधायचे बफ आणि कानात घालायचे फोमचे बोळे यांचा मात्र विचार नक्की करा. धूळ आणि सायलेन्सरचा आवाज यांनी हैराण झालेला माणूस दहाव्या मिनिटाला ते शोधत येतो, म्हणून हा माल आत शिरण्याच्या वाटेवर ठेवा. टी-शर्टचं टेबल बाहेर पडण्याच्या वाटेवर लावा. लोक फायनल बघून मगच खिशात हात घालतात. त्या वेळी गर्दीत मोबाइलला रेंज नसते आणि क्यूआर कोड नुसता गोल-गोल फिरत बसतो. पन्नास-शंभरच्या सुट्या नोटांची थैली बरोबर असू द्या.