जड वाहतुकीविरुद्ध अर्ज देण्याआधी

बैठक, सह्या, फोटो हे कुणाला शिकवावं लागत नाही. सह्यांपुढे पत्ता घ्या, बस्स. पण त्याआधी ठरवा, की तुमच्या रस्त्यावरून न गेलेला ट्रक जाणार कुठून. मागच्या खेपेला सोलापुरात आम्ही ‘जड वाहनांना बंदी घाला’ एवढंच लिहून दिलं. बंदी लागली, ट्रक शेजारच्या वसाहतीत घुसले, तिथल्या लोकांनी आमच्याविरुद्ध निवेदन दिलं आणि बंदी उठली.

मोजणी गाळप हंगामात करा. उन्हाळ्यात मोजलंत तर उसाच्या ट्रॉल्या नसतात, साहेब म्हणणार, एवढेच तर ट्रक आहेत. मार्केट यार्डात कांद्याची आवक वाढते तेव्हा रात्रीही मोजा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या, यात्रेत मात्र मोजूच नका. नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी रस्ते वळवलेले असतात, आकडा फसवा येतो. वहीत वेळ, भरलेला की रिकामा, आणि नंबरप्लेटची सुरुवात लिहा. केए २८ विजापूरची, केए ३२ कलबुर्गीची, बहुधा शहर ओलांडून जाणारी. एमएच १३ आपलीच, इथल्याच गोदामात उतरणारी असू शकते. नुसत्या प्लेटवर जाऊ नका. टपरीवर चहा पिणाऱ्या ड्रायव्हरला विचारा, ‘अण्णा, इकडं आत कसं काय?’ मॅपने दाखवलं, अंतर वाचतं, की माल इथंच उतरायचाय? प्रत्येकाचा इलाज वेगळा.

आणि पर्यायी मार्ग यातूनच निघतो. कागदावर रेघ मारून नाही, त्या रस्त्याने स्वतः जाऊन बघा: कोपऱ्यावर ट्रेलर वळतो का, रेल्वेपुलाखाली उंची पुरते का, शाळा कुठे आहे. तिथल्या लोकांना अर्जाआधी भेटा. आधी! आदेश निघाल्यावर भेटलात तर चहाही मिळणार नाही.

अर्ज पोलीस आयुक्तालयाच्या वाहतूक शाखेला, प्रत महापालिकेला, पोच घ्या. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ११५नुसार महिनाभरापर्यंतच्या निर्बंधाला राजपत्रातली अधिसूचना लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी चालते. म्हणून सुरुवातीला महिन्याचाच प्रयोग मागा, तोही ठरावीक वेळेपुरता. सरसकट बंदी मागू नका. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात टँकर अडवलात तर पहिली शिवी तुमच्याच गल्लीतून येईल. गॅसची गाडी, टँकर यांची सूट अर्जातच लिहा. हाइट बॅरिअर हवा असेल तर अग्निशमनच्या बंबाची उंची आधी विचारून या.

फलक वळणाच्या अलीकडे हवा, वेळेसकट. आत शिरलेला ट्रक मागे कसा घेणार? पाठपुराव्याला नगरसेवक, वर्तमानपत्र, जमेल तसं. ट्रक आडवे होऊन अडवू नका, गुन्हा तुमच्यावर दाखल होतो. हरकती मागवल्या तर निर्बंधाच्या बाजूचंही लेखी द्या, विरोधकच लिहितात नेहमी. पर्यायी मार्गाचा नकाशा अर्जाला जोडला का? पिशवी उघडून पुन्हा बघा.