चिखलणीनंतरचं गिअर ऑइल: गॅरेजात नव्याने आलेल्यांसाठी

आयटीआयचा ट्रॅक्टर मेकॅनिकचा कागद घेऊन कोकणात पहिला पावसाळा काढणार असाल, तर हे वाचा. ड्रेन प्लग कुठला, पाना कुठल्या नंबरचा, हे तुम्हाला येतंच असं धरून चालतो. मीही काही मुरलेला मिस्त्री नाही. मिनी ट्रॅक्टरचं गिअर ऑइल काढायचं म्हटलं की आजही पोटात थोडा गोळा येतोच.

मॅन्युअलमधल्या तासांवर इकडे विसंबू नका. अमुक तासांना ऑइल बदला हा तक्ता घाटावर ठीक आहे. तिकडे ट्रॅक्टर बारा महिने राबतो. आपला मिनी ट्रॅक्टर पाऊस लागला की कुणग्याकुणग्यांतून (भाताच्या छोट्या खाचरांतून) चिखल करत फिरतो, लावणी आटपली की मांगरात (शेतावरच्या खोपीत) उभा. वर्षं जातात तरी मीटर तक्त्यातल्या आकड्याला पोचत नाही आणि मालक म्हणतो, अजून वेळ आहे. इकडे पाळी तासांवर नाही, हंगामावर बघायची: चिखलणी संपली की लगेच तपासणी.

मला चकवलं ते डिपस्टिकने, म्हणजे ऑइलची लेव्हल बघायच्या पट्टीने. लेव्हल खाली असली तर कुणालाही कळतं. फुल्ल दिसली की माणूस पट्टी पुसतो, परत खोचतो आणि पुढच्या कामाला लागतो. चिखलणीच्या ट्रॅक्टरात फसगत इथेच होते. रोटाव्हेटर ओढून हाऊसिंग (गिअरची बंद पेटी) तापलेलं असतं आणि तसंच ते गार चिखलपाण्यात उतरतं. आतली हवा आक्रसते. ब्रीदर (पेटीत हवा ये-जा करायचं छोटं तोंड) मोकळा आणि पाण्याच्या वर असेल तर बाहेरची हवा आत येते आणि विषय संपतो. तो मातीने बुजलेला असेल तर सगळी ओढ सीलांवर येते. पीटीओ शाफ्टचं (रोटाव्हेटर फिरवणाऱ्या मागच्या दांड्याचं) सील, मागच्या ॲक्सलचं सील, गिअर लिव्हरचं फाटकं रबर, जिथून वाट मिळेल तिथून पाणी आत. ऑइल थोडं गळालं आणि तेवढंच पाणी शिरलं की पट्टीवरची खूण जिथल्या तिथे. कधीकधी तर खुणेच्याही वर. बंद हाऊसिंगमधलं ऑइल आपोआप वाढत नाही, एवढं डोक्यात पक्कं ठेवा.

गिऱ्हाईक इथेच अडवतं. "अरे झिला, लेव्हल फुल्ल आसा, मगे बदलूक कित्याक व्हया?" वाद घालू नका, दाखवा. ट्रॅक्टर सपाटीवर, लिफ्ट (मागचं अवजार उचलणारे हात) खाली टेकवून रात्रभर उभा करा. सकाळी स्टार्टर न मारता ड्रेन प्लग अगदी हळू सैल करा, काढू नका. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी बसलेलं असतं. आटे ढिले होताच प्लगच्या कडेने आधी गढूळ पाण्याचा ओघळ येतो, मग धागा तुटल्यासारखा थांबतो आणि मागून ऑइलची जाड तार सुरू होते. काचेच्या बाटलीत धरा आणि काकांच्या हातात द्या.

पाणी वेगळं निघालं नाही म्हणजे सुटलो, असं मात्र नाही. लिफ्ट आणि गिअरचं ऑइल एकच असतं त्या ट्रॅक्टरांत पाणी घुसळून मिसळतं आणि ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. शंका राहिली तर पत्रा चांगला तापवून त्यावर एकच थेंब टाका, तोंड लांब ठेवून. तडतडला तर पाणी आहे. असं ऑइल मांगरात महिनोन्‌महिने राहिलं की बेअरिंगांवर गंज धरतो आणि बिल येतं ते पुढच्या जूनमध्ये.

काढताना आधी वरचं फिलर झाकण उघडा. ते जाम निघालं आणि खालचं ऑइल सांडून बसलात तर भरणार कुठून? काही मॉडेलांना ड्रेन प्लग एकापेक्षा जास्त असतात, मागच्या दोन्ही बाजूंना वेगळे. एकच उघडलात तर पाणी बाजूच्या घरात तसंच राहतं. प्लगच्या चुंबकाला राखाडी लगदा चिकटलेला असतो, त्याने घाबरू नका. नखाला टोचतील असे तुकडे मिळाले तर मात्र नवीन ऑइल ओतायच्या आधी मोठ्या मिस्त्रींना हाक मारा.

डिझेल ओतून आतून धुवायची पद्धत बऱ्याच गॅरेजांत आहे. मला ती अजिबात पटत नाही, शिकवणारा कितीही जुना असो. कोपऱ्यांत डिझेल राहतं आणि नवीन ऑइल पातळ करतं. पाणी फार शिरलं असेल तर खर्च सोसून त्याच ग्रेडचं नवीन ऑइल दोनदा घाला: थोडा वेळ चालवा, काढा, पुन्हा भरा. अर्थात आधी सील आणि ब्रीदर. ते न बघता भरलेलं ऑइल म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे चिखलात.

आणि "90 नंबर टाक", म्हणजे साधं जाड गिअर ऑइल टाक, हा सल्ला ऐकू नका. ब्रेक ऑइलमध्ये बुडालेले असतील तर त्यांना ट्रॅक्टरचं खास ट्रान्समिशन ऑइल लागतं. साध्या 90 नंबरवर ब्रेक कुरकुरतात, आणि लिफ्टही त्याच ऑइलवर असेल तर तीही मंदावते. जीएल-5 (गिअर ऑइलचाच एक ग्रेड) जास्त भारी म्हणून कुणी सुचवेल. त्यातल्या गंधकाच्या रसायनांनी पितळेचे भाग खाल्ले जाऊ शकतात. डब्यावरचा ग्रेड आणि मॅन्युअलमधला ग्रेड शेजारी ठेवून जुळवा. दुकानदार काय म्हणतो ते नंतर.

भरून झालं की इंजिन चालू करून लिफ्ट चार-पाच वेळा वरखाली करा, बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा पट्टी बघा. फिल्टर नवा असेल तर लेव्हल थोडी उतरते, तेवढंच वर घाला. पहिल्या वेळी अर्धा दिवस जाईल, हात कोपरापर्यंत बरबटतील. जाऊ द्या. फोर बाय फोर असेल तर पुढच्या ॲक्सलचं ऑइल वेगळं असतं. तो तर मागच्या चाकांइतकाच चिखलात असतो आणि त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, तेव्हा पाना हातात आहे तोवर तिथलाही प्लग सैल करून बघा.